मॅनियात दिलेलं लिथियम मेंदूत काय करतं, आणि त्याचा मिठापाण्याशी काय संबंध

प्रश्न थोडक्यात असा आहे. चोवीस वर्षांच्या मुलाला मॅनिया झाला. दोन आठवडे रात्री दोन-तीन तासांपलीकडे झोप नाही, अखंड बोलणं, उधारीवर खरेदी, आपल्याला सगळं जमतं असा आव. मनोविकारतज्ज्ञांनी लिथियम आणि ओलान्झापिन सुरू केलं. आठवडाभरात तो झोपायला लागला, पण बोलण्याचा वेग आणि मोठमोठे बेत अजून तसेच आहेत. लिथियम हे गुंगीचं औषध आहे का, ते मेंदूत नेमकं काय करतं, एका आजाराला दोन औषधं कशाला, आणि सारखं रक्त का काढायचं, असं घरच्यांनी विचारलं आहे.

लिथियम गुंगीचं औषध नाही. तुमच्या मुलाला झोप लागली ती मुख्यतः ओलान्झापिनमुळे. लिथियमचं काम चेतापेशीच्या आत चालतं, आणि त्याचा परिणाम बाहेरून दिसायला एक ते दोन आठवडे, कधी तीनही लागतात. आठव्या दिवशी ‘औषध लागू पडत नाही’ असा निष्कर्ष काढून ते बंद करणं ही सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक आहे. ती टाळायची तर आतलं काम थोडं समजून घेतलेलं बरं.

बहुतेक औषधं म्हणजे मोठे, गुंतागुंतीचे रेणू असतात. लिथियम हे साधं मूलद्रव्य आहे, सोडियम-पोटॅशियमच्या घराण्यातलं सगळ्यात हलकं. शरीर त्याचं विघटन करत नाही, यकृताला त्याच्याशी काही कर्तव्य नसतं, रक्तातल्या प्रथिनांना ते चिकटत नाही. जसं पोटात गेलं तसंच ते मूत्रपिंडातून बाहेर पडतं. ३०० मिलिग्रॅमची गोळी ही लिथियम कार्बोनेटची असते. त्यात खुद्द लिथियम ५६ मिलिग्रॅमच्या आसपास. रक्तातली पातळी ०.८ मिलिमोल प्रति लिटर असेल तर एका लिटरमागे साधारण साडेपाच मिलिग्रॅम लिथियम झालं. त्याच रक्तात सोडियम १४० मिलिमोल असतं, म्हणजे सोडियमच्या १७५ आयनांमागे (विद्युतभारित अणूंमागे) लिथियमचा एक.

एवढ्याशा लिथियमने एवढा फरक पडतो तो त्याच्या आकारामुळे. लिथियमचा आयन जवळपास मॅग्नेशियमच्या आयनाएवढा असतो, आणि पेशीतली शेकडो एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिनं, मॅग्नेशियमच्या आधाराने चालतात. काही मोजक्या एन्झाइममध्ये मॅग्नेशियमच्या जागी लिथियम जाऊन बसतं. त्याच्यावर विद्युतभार मॅग्नेशियमच्या निम्मा असल्याने एन्झाइमचं काम अडखळतं. उपचारात जेवढी पातळी ठेवतात तेवढ्यात असं अडखळणारी एन्झाइम थोडीच आहेत. त्यांतल्या दोघांकडे मॅनियाच्या दृष्टीने सर्वांत जास्त लक्ष गेलं आहे.

पहिलं एन्झाइम इनोसिटॉल मोनोफॉस्फटेज. सेरोटोनिन, नॉरअ‍ॅड्रेनॅलिन, अ‍ॅसिटिलकोलिन या चेतासंदेशकांच्या (चेतापेशींमधला निरोप नेणाऱ्या रसायनांच्या) काही ग्राहींवर, म्हणजे पेशीवरच्या निरोप झेलणाऱ्या प्रथिनांवर, निरोप येऊन धडकला की पेशीच्या आवरणातला एक फॉस्फोलिपिड रेणू फोडला जातो. त्याचे दोन तुकडे होतात. आयपी३ नावाचा तुकडा पेशीच्या आतल्या साठ्यातून कॅल्शियम मोकळं करतो. दुसरा, डायअसिलग्लिसरॉल, प्रोटीन कायनेज सी हे एन्झाइम जागं करतो. ते जागं झालं की पेशी जास्त उत्तेजित होते, चेतासंदेशक जास्त सोडते आणि लांब मुदतीत जनुकांचं वाचनही बदलते. बाहेरचा छोटा निरोप आत मोठा करण्याची ही यंत्रणा आहे. बायपोलर (मॅनिया आणि नैराश्य यांचे झटके येणारा आजार) असलेल्या रुग्णांच्या रक्तपेशींमध्ये कॅल्शियमची पातळी वाढलेली आढळते, हे निरीक्षण अनेक अभ्यासांत टिकून राहिलं आहे. ही यंत्रणा या आजारात तापलेली असते असं मानायला ते एक कारण.

वापरून झालेल्या आयपी३चे फॉस्फेट एकेक करून काढले जातात आणि शेवटी सुटं इनोसिटॉल उरतं. त्यातूनच आवरणातला तो फॉस्फोलिपिड पुन्हा बांधला जातो. हा शेवटचा फॉस्फेट काढण्याचं काम इनोसिटॉल मोनोफॉस्फटेजचं, आणि लिथियम नेमकं तिथे अडवतं. सुटं इनोसिटॉल कमी पडतं, फॉस्फोलिपिडचा पुरवठा घटतो आणि पुढच्या निरोपाला तेवढा मोठा प्रतिसाद मिळत नाही. ब्रिटिश शास्त्रज्ञ मायकेल बेरिज यांनी १९८० च्या दशकात ही कल्पना मांडली.

या कल्पनेतले दोन बारकावे मला फार महत्त्वाचे वाटतात. एक म्हणजे लिथियम या एन्झाइमला रिकामं असताना पकडत नाही, काम करत असताना पकडतं. म्हणून ज्या पेशीत हा मार्ग धडाडून चालू आहे तिथे ते जास्त अडवतं, आणि शांत पेशीत फारसं काही करत नाही. मॅनिया उतरवणारं औषध साध्या माणसाला पूर्ण सुस्त का करत नाही, याचं पटणारं उत्तर इथे मिळतं. दुसरं असं की रक्तातलं इनोसिटॉल मेंदूत सहज शिरत नाही. यकृत किंवा स्नायू बाहेरून घेऊन तूट भरून काढू शकतात. मेंदूला जुन्याच इनोसिटॉलवर आणि स्वतः ग्लुकोजपासून बनवलेल्या थोड्या मालावर भागवावं लागतं. त्यामुळे झळ मेंदूला जास्त बसते.

मात्र एवढ्यावर गोष्ट संपत नाही. लिथियम सुरू केलेल्या बायपोलर रुग्णांचं चुंबकीय स्पेक्ट्रोस्कोपीने (मेंदूतली रसायनं बाहेरून मोजण्याच्या पद्धतीने) मापन करणारा एक अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मेंदूच्या पुढच्या भागातलं इनोसिटॉल पाच ते सात दिवसांतच कमी झालेलं दिसलं, पण तोवर रुग्णांची मनःस्थिती बदललेली नव्हती. नंतरच्या सगळ्या अभ्यासांत ही घट सारखी दिसलीही नाही. म्हणजे इनोसिटॉलची तूट ही फार तर सुरुवात आहे. खरा फरक पुढच्या पायऱ्यांवर पडतो: प्रोटीन कायनेज सी थंडावतं, जनुकांचं वाचन बदलतं, पेशी नवी प्रथिनं बनवते, चेतापेशींच्या जोडण्या नव्याने बसतात. या कामाला दिवस नव्हे, आठवडे लागतात.

प्रोटीन कायनेज सीचा धागा खरा आहे का, हे तपासायला एक वेगळीच वाट सापडली. स्तनाच्या कर्करोगावरचं टॅमॉक्सिफेन हे औषध इस्ट्रोजेनला अडवतं, पण जोडीला प्रोटीन कायनेज सीलाही दाबतं. मॅनियाच्या रुग्णांवर त्याच्या छोट्या पण नीट बांधलेल्या चाचण्या २००७-०८ च्या सुमारास झाल्या आणि त्यांत मॅनिया उतरला. टॅमॉक्सिफेनपासून शरीरात तयार होणारं एन्डॉक्सिफेन आता भारतात मॅनियासाठी मंजूर औषध आहे. रोजच्या उपचारात त्याची जागा अजून मर्यादित आहे. पण लिथियम ज्या दिशेने काम करतं ती दिशा बरोबर असल्याचा हा पुरावा मला मोलाचा वाटतो.

दुसरं एन्झाइम ग्लायकोजेन सिंथेज कायनेज-३, म्हणजे जीएसके-३. लिथियम त्याला अडवतं हे १९९६ मध्ये दाखवलं गेलं. हे एन्झाइम पेशीत जवळपास सगळीकडे हात घालतं आणि ते अडलं की पेशीची दुरुस्ती, वाढ आणि टिकाव यांकडे कल जातो. मॅनियाशी त्याचं थेट नातं डोपामिन या चेतासंदेशकामधून येतं. डोपामिनच्या डी-२ ग्राहीपासून आत जाणारा एक संथ मार्ग असा आहे की डोपामिन वाढलं की जीएसके-३ जास्त सक्रिय होतं. उंदरांमध्ये अ‍ॅम्फेटामिनने आणलेली धावपळ लिथियमने कमी होते, आणि फक्त जीएसके-३ अडवूनही कमी होते. शरीराच्या रात्रंदिवसाच्या घड्याळातही हे एन्झाइम गुंतलेलं आहे आणि लिथियम त्या घड्याळाचं चक्र थोडं लांबवतं. झोपेची गरजच संपणं हे बहुतेकदा मॅनियाचं पहिलं लक्षण असतं, म्हणून या गोष्टीला वजन आहे.

हे सगळं उंदरांपुरतं नाही, हे २०१५ च्या एका प्रयोगाने दिसलं. बायपोलर रुग्णांच्या त्वचेतल्या पेशी घेऊन कॅलिफोर्नियातल्या सॉल्क संस्थेत त्यांच्यापासून चेतापेशी वाढवल्या. त्या निरोगी लोकांच्या चेतापेशींपेक्षा जास्त वेळा विद्युतसंकेत सोडत होत्या. त्यांच्यावर लिथियम घातल्यावर ज्या रुग्णांना प्रत्यक्षात लिथियमचा गुण आला होता, फक्त त्यांच्याच पेशी शांत झाल्या. लिथियमने उत्तम गुण येणारे साधारण तीनात एक असतात आणि उरलेल्यांत कुणाला अर्धवट, कुणाला नाही, हे दवाखान्यात रोज दिसतं. त्याची मुळं पेशीत आहेत. घरात कुणाला लिथियमचा गुण आला असेल, मॅनिया आनंदी-उत्साही स्वरूपाचा असेल आणि दोन झटक्यांच्या मध्ये माणूस पूर्ण बरा राहत असेल, तर लिथियम लागू पडण्याची शक्यता जास्त. मॅनिया आणि नैराश्य एकाच वेळी मिसळलेलं असेल, वर्षाला चार-चार झटके येत असतील किंवा दारू-गांजाचं व्यसन जोडीला असेल तर कमी.

आता ओलान्झापिन कशाला, ते. ते डोपामिनच्या ग्राहीवरच जाऊन बसतं आणि निरोप आत जाऊ देत नाही. डी-२ ग्राहींपैकी साधारण ६५ ते ८० टक्के झाकले गेले की परिणाम दिसतो. त्यापेक्षा जास्त झाकले की अंग ताठरणं, थरथर, अस्वस्थपणे येरझाऱ्या घालणं सुरू होऊ शकतं. हा परिणाम तासां-दिवसांत येतो. ओलान्झापिन हिस्टामिनचे ग्राहीही झाकतं, म्हणून झोप येते आणि भूकही वाढते. लाउडस्पीकरचा त्रास होत असताना कानांत बोळे घालणं आणि अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज खाली आणणं यांत जो फरक आहे, तोच या दोन औषधांत. बोळे आज लागतात, कारण पंधरा दिवस नीट न झोपलेला माणूस अपघात, कर्ज, मारामारी किंवा पूर्ण थकव्याच्या उंबरठ्यावर असतो. म्हणून मध्यम ते तीव्र मॅनियात दोन्ही औषधं एकदम सुरू करणं हा रिवाज योग्य आहे. तात्पुरतं क्लोनाझेपाम किंवा लोराझेपाम ही शांत करणारी औषधंही देतात. नैराश्यासाठी आधीपासून एखादी गोळी चालू असेल तर ती थांबवतात, कारण ती मॅनियाला खतपाणी घालते. अशी गोळी चालू असेल तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी घरच्यांनी स्वतःहून सांगावं. मॅनिया उतरून काही महिने स्थिर गेले की बहुतेकांचं अँटिसायकॉटिक (ओलान्झापिनच्या गटातलं औषध) कमी करत आणता येतं, लिथियम चालू राहतं.

लिथियमऐवजी व्हॅल्प्रोएट दिलेलं असतं तर? तेही मूड स्थिर करतं, पण त्याचा जन्म मिरगीच्या औषधांत झाला. चेतापेशीच्या सोडियमच्या वाहिन्या ते आवरतं आणि गाबा या शांत करणाऱ्या संदेशकाचं प्रमाण वाढवतं. शिवाय पेशीच्या केंद्रकात डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्यांच्यावरचे रासायनिक शिक्के काढणारी एन्झाइम अडवून ते कोणती जनुकं वाचली जावीत हेच बदलतं. गंमतीची नव्हे, खरोखर विचार करायला लावणारी गोष्ट अशी की २००२ मध्ये प्रयोगशाळेतल्या चेतापेशींवर लिथियम, व्हॅल्प्रोएट आणि कार्बामॅझेपिन या तिघांनीही एकसारखाच बदल घडवला, आणि बाहेरून इनोसिटॉल घातल्यावर तो तिघांचाही पुसला गेला. तीन अगदी वेगळी रसायनं, पण कुठे तरी एकाच मार्गावर येऊन मिळतात.

व्हॅल्प्रोएटचा फायदा वेग. वजनाच्या किलोमागे रोज २० ते ३० मिलिग्रॅम अशा मोठ्या मात्रेने सुरुवात करता येते, त्यामुळे काही दिवसांत गुण दिसू शकतो. रक्तातली पातळी ५० ते १२५ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर ठेवतात. यकृत, स्वादुपिंड आणि प्लेटलेट यांवर लक्ष ठेवावं लागतं. वजन वाढतं, केस गळतात. माणूस अचानक सुस्त, गोंधळलेला वाटू लागला आणि यकृताच्या तपासण्या ठीक असल्या तरी रक्तातला अमोनिया तपासावा. रुग्णालयात दुसऱ्या कारणाने मेरोपेनेम हे प्रतिजैविक लागलं तर व्हॅल्प्रोएटची पातळी एक-दोन दिवसांत कोसळते, आणि मात्रा वाढवून ती सावरत नाही. ही गोष्ट शस्त्रक्रिया विभागातल्या डॉक्टरांच्या लक्षात असेलच असं नाही.

पण मूल होण्याच्या वयातल्या मुलीला किंवा बाईला व्हॅल्प्रोएट देऊ नये, हे मी जितक्या ठामपणे सांगता येईल तितक्या ठामपणे सांगतो. गर्भाच्या मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर चार आठवड्यांत बंद होते, म्हणजे पाळी चुकल्याचं नीट ध्यानात येईपर्यंत हानी होऊन गेलेली असते. गरोदरपणात व्हॅल्प्रोएट घेतलेल्या आयांच्या मुलांमध्ये शंभरात दहा जणांना मोठं जन्मजात व्यंग असतं, आणि तीस ते चाळीस जणांच्या बौद्धिक वाढीवर परिणाम होतो. फॉलिक अ‍ॅसिड घेतल्याने हा धोका जातो असं मानू नका. लग्न ठरलं, म्हणून घाईघाईने औषध बदलायला येण्यापेक्षा मुलगी सोळा वर्षांची असतानाच दुसरं औषध निवडलेलं चांगलं. लिथियमचा गर्भाच्या हृदयावरचा धोका पूर्वी मानत त्यापेक्षा बराच कमी निघाला आहे आणि तो मात्रेवर अवलंबून असतो. तरी तो निर्णय आधी बसून घ्यायचा असतो.

कार्बामॅझेपिन सोडियमच्या वाहिन्यांवर काम करतं. ते यकृतातली एन्झाइम वाढवून स्वतःचीच पातळी पहिल्या तीन-पाच आठवड्यांत खाली आणतं, आणि गर्भनिरोधक गोळ्याही निकामी करतं. सुरुवातीच्या दोन महिन्यांत अंगावर पुरळ, तोंडात फोड किंवा डोळे लाल झाले तर त्याच दिवशी गोळी बंद करून डॉक्टर गाठायचे. लॅमोट्रिजिनचं नाव याच यादीत येतं, पण चालू असलेला मॅनिया ते उतरवत नाही. बायपोलरमधलं नैराश्य पुन्हा येऊ नये यासाठी ते आहे.

आता रक्ततपासणीकडे येतो. लिथियमच्या बाबतीत खरी जोखीम इथेच आहे आणि ती घरच्यांच्या हातात आहे. गुण देणारी पातळी आणि विषबाधेची पातळी यांत फार थोडं अंतर असतं. मॅनिया चालू असताना ०.८ ते १.०, फार तर १.२, नंतर टिकवून ठेवायला बहुतेकांना ०.६ ते ०.८ पुरते. १.५ च्या वर विषबाधा, २ च्या वर जिवाला धोका. अहवालावर मिलिमोल लिहिलेलं असो की मिलिइक्विव्हॅलंट, लिथियमसाठी आकडा तोच. मोठ्या माणसाला साधारण ६०० ते ९०० मिलिग्रॅमवर सुरू करतात. रक्तातून अर्धं लिथियम निघून जायला तरुणात एक दिवस लागतो, वयस्कांत जास्त, म्हणून पातळी स्थिर व्हायला पाच दिवस लागतात आणि पाच ते सात दिवसांनी मोजतात. मात्रा बदलली की पुन्हा आठवड्याने. स्थिर झाल्यावर पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, पुढे सहा महिन्यांनी. सोबत क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), टीएसएच (थायरॉइडसाठी) आणि कॅल्शियम.

रक्त शेवटच्या गोळीनंतर बरोबर बारा तासांनी द्यायचं. रात्री नऊला गोळी घेतली तर सकाळी नऊला, सकाळची गोळी न घेता. ती खिशात ठेवून जा आणि रक्त दिल्यावर घ्या. उपाशी असण्याची गरज नाही. सकाळची गोळी घेऊन दोन तासांनी रक्त दिलं तर आकडा फुगतो आणि डॉक्टर विनाकारण मात्रा कमी करतात. आणखी एक चूक प्रयोगशाळेत होते. हिरव्या टोपणाच्या काही नळ्यांत रक्त गोठू नये म्हणून लिथियम हेपारिन घातलेलं असतं. त्या नळीत रक्त घेतलं तर नळीतलंच लिथियम मोजलं जातं आणि ठणठणीत माणसाची पातळी २-३ दिसते. नमुना लाल किंवा पिवळ्या टोपणाच्या साध्या सीरमच्या नळीत घ्यायला सांगा. आकडा आणि माणूस यांचा मेळ बसत नसेल तर आधी वेळ आणि नळी विचारा.

आता मीठ. मूत्रपिंड लिथियम आणि सोडियम यांत फारसा भेद करत नाही. गाळून आलेल्या लिथियमपैकी सुमारे ८० टक्के ते परत शोषून घेतं, मुख्यतः सोडियम शोषण्याच्याच ठिकाणी. शरीरात मीठ-पाणी कमी पडलं की मूत्रपिंड सोडियम धरून ठेवायला लागतं, आणि लिथियमही धरून ठेवतं. गोळ्या त्याच, पातळी दुप्पट. याची किंमत १९४९ मध्ये अमेरिकेत मोजली गेली. हृदयरोग्यांना मीठ वर्ज्य म्हणून चवीला लिथियम क्लोराइड विकलं जात होतं. ज्यांना सोडियम सगळ्यात कमी, त्यांनाच लिथियम मोजमापाशिवाय. मृत्यू झाले आणि ते बाजारातून काढलं गेलं. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी लिथियमने मॅनिया उतरतो हे प्रसिद्ध केलं, डेन्मार्कमध्ये मोगेन्स स्काऊ यांनी १९५४ मध्ये त्याची नीट चाचणी घेतली. तरी त्या मृत्यूंची धास्ती राहिली आणि अमेरिकेत मान्यता मिळायला १९७० उजाडलं.

आपल्याकडे हे असं घडतं: विदर्भातल्या मे महिन्यात दिवसभर उन्हात काम, पावसाळ्यातले जुलाब-उलट्या, डेंगीच्या तापात खाणं-पिणं सुटणं, निर्जळी एकादशी, नवरात्रातले अळणी उपवास, रमजानचे रोजे, वारीतली चाल. मीठ नेहमीइतकंच ठेवायचं, एकदम कमीही नाही आणि एकदम जास्तही नाही. जास्त झालं तर लिथियम वाहून जातं आणि मॅनिया डोकं वर काढतो. पाणी रोज दोन-तीन लिटर, उन्हात त्याहून जास्त. जुलाब किंवा उलट्या सुरू झाल्या की ओआरएस सुरू करा, डॉक्टरांना फोन करून लिथियमचे डोस थांबवायचे का ते विचारा आणि पातळी तपासून घ्या. उपवास करायचाच असेल तर पाणी आणि मीठ चालणारा करा. चहा-कॉफीने लिथियम थोडं जास्त बाहेर पडतं, म्हणून दिवसाला सहा कप पिणाऱ्याने चहा एकदम सोडला तरी पातळी चढते.

दुखण्यावरच्या गोळ्यांचं तसंच. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, अ‍ॅसिक्लोफिनॅक यांनी लिथियम मूत्रपिंडात अडकतं. कॉम्बिफ्लाममध्येही आयब्युप्रोफेन आहे. ताप-अंगदुखीला साधी पॅरासिटामॉल घ्या. रक्तदाबाच्या गोळ्यांपैकी टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, एनालाप्रिल यांनी पातळी वाढते, आणि ज्या गोळीच्या नावापुढे ‘एच’ लागलेला असतो तिच्यात बहुधा हायड्रोक्लोरोथायझाइड असतं, ते तर सगळ्यात जास्त वाढवतं. अ‍ॅम्लोडिपिन त्या मानाने सुरक्षित. हाडांच्या डॉक्टरांना, दातांच्या डॉक्टरांना, औषधाच्या दुकानदाराला, प्रत्येकाला ‘लिथियम चालू आहे’ हे आधी सांगायचं.

हात बारीक थरथरणं, तहान, वारंवार लघवी हे नेहमीच्या पातळीतही होतं. थरथर त्रास देत असेल तर मात्रा थोडी कमी करून किंवा प्रोप्रॅनोलॉलने आवरते, दमा नसेल तर. तहानेचं कारण बहुधा पुन्हा तेच जीएसके-३ आहे, फक्त जागा वेगळी. मूत्रपिंडाच्या नलिकेतल्या पेशींत लिथियम शिरतं आणि पाणी परत शोषणारी दारं कमी होतात, म्हणून लघवी पातळ आणि भरपूर होते. अशा माणसाला रात्री लघवीला उठायला नको म्हणून पाणी तोडायला लावणं धोक्याचं आहे. तहान कोल्ड्रिंक आणि सरबताने भागवली की वजन वाढतं, साधं पाणी प्यायचं. थायरॉइड मंदावलं तर थायरॉक्सिनची गोळी जोडतात, त्यासाठी लिथियम बंद करायची गरज नसते. अनेक वर्षांच्या वापरात काहींची मूत्रपिंडं हळूहळू कमजोर होतात. क्रिएटिनिन नियमित पाहिलं तर ते वेळेवर कळतं.

विषबाधा मात्र वेगळी दिसते. हात जोरजोरात हलायला लागतात, चाल दारू प्यायल्यासारखी डगमगते, जीभ जड होते, उलट्या-जुलाब होतात, स्नायू आपोआप फडकतात, माणूस सुस्त आणि गोंधळलेला होतो. असं दिसलं की गोळी बंद आणि मोठं रुग्णालय, सकाळची वाट न पाहता. तिथे सलाइन देतात, लागलं तर डायलिसिस करतात. मेंदूत लिथियम हळू शिरतं आणि हळूच बाहेर येतं, त्यामुळे रोज गोळ्या घेणाऱ्याच्या रक्तातला आकडा फार चढलेला नसतानाही मेंदूत विषबाधा असू शकते, आणि डायलिसिसने रक्त साफ झाल्यावरही लक्षणं काही दिवस रेंगाळतात. उशीर झाला तर लहान मेंदूला कायमची इजा होऊन चाल आणि बोलणं पूर्ववत होत नाही.

तुमच्या मुलाच्या बाबतीत आत्ता करायचं ते असं. पातळी तपासलेली नसेल तर या दोन दिवसांत, बारा तासांच्या हिशेबाने तपासा. ०.८ च्या खाली असेल तर डॉक्टर मात्रा वाढवतील; योग्य असेल तर आणखी दोन आठवडे तीच औषधं, रोज त्याच वेळी, घरातल्या एकाने हातात देऊन. झोपेचे तास वहीत लिहा, कारण मॅनिया उतरतोय का हे त्या आकड्यांवरून सगळ्यात आधी कळतं. बँकेचं कार्ड, गाडीची किल्ली आणि मोबाइलवरची कर्ज देणारी अ‍ॅप आत्ता त्याच्याकडे नकोत. पातळी नीट असूनही तीन आठवड्यांत फरक पडला नाही, तर व्हॅल्प्रोएट जोडणं किंवा अँटिसायकॉटिक बदलणं यावर बोला. मध्येच तो आवरेनासा झाला किंवा जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलू लागला तर थेट रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्या. कुणाशी बोलायचं असेल तर टेली मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो.

आणि तो बरा झाल्यावर, चार-सहा महिन्यांनी, ‘आता कशाला गोळ्या’ हा प्रश्न येईलच. पेशीने जुळवून घेतलेली नवी घडी लिथियमच्या आधारावर उभी असते. तो आधार एकदम काढला की पुढच्या काही महिन्यांत मॅनिया उलटण्याची शक्यता फार वाढते, आत्महत्येचा धोकाही वाढतो. कधी बंद करायचंच ठरलं तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली निदान चार आठवडे, जमलं तर तीन महिने घेऊन टप्प्याटप्प्याने कमी करायचं, आणि त्या काळात झोप सलग दोन रात्री चार तासांखाली गेली तर पुढचा टप्पा थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं.